उजव्या गालाचं मलम

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर काळसर वांग उतरला. चष्म्याच्या दुकानात ती नऊ वर्षं गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवायची. एके दिवशी मालक म्हणाले, "ताई, तुम्ही आता आत बसून भिंगं घासा. लोक आरशात बघायच्या आधी तुमच्याकडे बघतात."

नवरा म्हणाला, "पगार तोच आहे ना? मग?"

ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिथे दोन मलमांची तुलना चालू होती. फुकट उपचार, फक्त नियम कडक. डाव्या गालाला पांढरी ट्यूब, उजव्याला निळी, बारा आठवडे. अदलाबदल केली तर सगळं मुसळ केरात, असं बाईंनी बजावलं.

तिनं नियम जिवापाड पाळला. सहाव्या आठवड्यात उजवा गाल उजळू लागला. डावा जिथल्या तिथे. कितीदा वाटलं, निळ्यातलं बोटभर डावीकडे लावावं. पण शब्द दिला होता. नवरा जेवताना मुद्दाम तिच्या उजवीकडे बसायचा आणि हसायचा. सासूबाईही हसायच्या.

बारा आठवडे संपले. डॉक्टरीणबाई खूश होत्या. "निळी जिंकली!"

"मग डाव्या गालासाठी एक द्या ना."

"अभ्यास संपला हो. कंपनीनं ट्यूबा परत नेल्या. बाजारात यायला दोन-तीन वर्षं लागतील."

"म्हणजे मी अशीच राहू?"

"उन्हात टोपी घाला," बाई म्हणाल्या आणि पुढचा कागद ओढला.

चार महिन्यांत उजव्या गालावर वांग परतला, आधीपेक्षा गडद. ती पुन्हा दवाखान्यात गेली. बाहेर बसायच्या जागेतल्या भिंतीवर भलामोठा फलक लागला होता. डोळ्यांवर काळी पट्टी असलेला चेहरा, फक्त उजवा गाल, उपचाराआधी आणि उपचारानंतर. हनुवटीवरच्या तिळावरून तिनं स्वतःला ओळखलं.

शेजारच्या खुर्चीतल्या तरुण बाईच्या कपाळावर वांग होता. फलक बघून तिनं विचारलं, "खरंच जातो का हो यानं?"

"जातो. चार महिने."

ती बाई तिच्या दोन्ही गालांकडे बघत राहिली. मग उठली आणि नावनोंदणीच्या खिडकीपाशी जाऊन नव्या अभ्यासाच्या यादीत नाव घालून आली.