ईच्या बटणाखालची हळद

मित्रांनो, माझ्या पोटात हळद आहे. मी मसाल्याचा डबा नाही. वसमतच्या एका कॉम्प्युटर क्लासमधला, तिसऱ्या टेबलावरचा मी जुना कीबोर्ड.

नवा होतो तेव्हा क्लास चालवणाऱ्या भागवत सरांनी मला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि ‘हात धुऊन बसा’ अशी पाटी लावली. कव्हर फाटलं, पाटी पडली. मग डेटाबेसचा कोर्स सुरू झाला आणि माझी परवड झाली. क्वेरीचं स्पेलिंग चुकून ‘क्वारी’ व्हायचं आणि दगडाची खाण उगवायची. ट्रॅक्टर सोडून शिकायला आलेल्या हरिचंदने प्रायमरी कीची ‘प्रायमरी काय’ केली. संगणक लाल अक्षरांत चूक दाखवून गप्प बसायचा. त्यावरचा राग निघायचा माझ्यावर.

करुणाताई हट्टा गावाहून एसटीने यायच्या. वय चौतीस, दोन लेकरं. त्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. ई आणि एल ही अक्षरं त्यांच्या हातून जागा बदलत. एकदा टेबलचं स्पेलिंग उलटलं, एकदा फील्डचं. तिसरी संधी शेवटची होती. पास झाल्या तर सोमवारपासून दवाखान्यात पेशंटची नोंदणी करायचं काम ठरलं होतं. एसटीच्या तिकिटांमागे स्पेलिंगं लिहून त्यांनी ती घोकली.

आता दसऱ्याचं सांगतो. क्लास झाडणाऱ्या पार्वतीबाई दरवर्षी आमची पूजा करतात. वसमतला हळदीचा काय तोटा? त्यांनी ती पाण्यात कालवली आणि माझ्यावर पाच बोटं ओढली. भागवत सरांनी हात जोडले. नंतर पुसलं कुणीच नाही. पूजेची हळद पुसणार कोण? ती झिरपली आणि ईच्या बटणाखाली वाळून घट्ट बसली.

पाचव्या दिवशी परीक्षा. ती घ्यायला हिंगोलीहून विजयकुमार सर आले होते. करुणाताई माझ्यासमोर बसल्या. टेबल तयार करण्याच्या आज्ञेत पहिल्या दोन शब्दांतच ई तीनदा येते. एकदाही उमटली नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, जोरात दाबलं. पडद्यावर लाल ओळ.

विजयकुमार सर मागे येऊन उभे राहिले. “तिसऱ्यांदा बसलात ना बाई? अजून स्पेलिंगच?”

“स्पेलिंग बराबर हाय सर. बटन दबत न्हाई.”

“नापास होणाऱ्या सगळ्यांचं बटन दबत नाही.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “अकरा मिनिटं.”

मित्रांनो, गुन्हा माझा होता आणि मला तोंड नव्हतं. अंगावर एकशे चार बटणं, पण स्वतःहून एक दाबता येत नाही.

करुणाताईंचा हात थांबला. त्या आपल्या बोटाकडे बघत राहिल्या. टोक पिवळं झालं होतं.

“सर, तुमी दाबून बघा.”

“मी काहून दाबू?”

“एकदाच.”

सरांनी दाबलं. काही उमटलं नाही. त्यांनी बोटाचा वास घेऊन पाहिला आणि भागवत सरांकडे वळले. “हे काय?”

“दसरा होता सर,” भागवत सर म्हणाले.

“दुसऱ्या टेबलावर बसवा यांना.”

“सगळ्यांवर पोरं बसलेत सर. आणि पूजा तर सगळ्यांचीच झाली.”

“सात मिनिटं,” विजयकुमार सर म्हणाले, पण आवाज उतरला होता.

करुणाताईंनी केसांतली पिन काढली. भागवत सर पुढे सरसावले, “अवो, मोडन ना ते.”

“मोडू द्या. तसं बी चालू कुठं हाय?”

पिन आत शिरली. ईचं बटण टक्‌ करून उडालं आणि पार्वतीबाईंच्या झाडूपाशी जाऊन पडलं. खाली माझं मऊ रबर उघडं पडलं. त्यावर बोट ठेवून करुणाताईंनी सावकाश, एकेक अक्षर टिपलं. ई जागेवर, एल जागेवर. दीड मिनिट राहिलं असताना आज्ञा पूर्ण झाली आणि या वेळी लाल ओळ आली नाही.

सोमवारी त्या कामावर रुजू झाल्या.

आता माझ्या ईच्या जागी खड्डा आहे. पोरं उघड्या रबरावर बोट ठेवतात, काम बिनतक्रार चालतं. उडालेलं बटण पार्वतीबाईंनी उचलून गणपतीच्या फोटोखाली ठेवलंय. त्याला शुक्रवारी हळदकुंकू असतं.

त्याला जरूर असू द्या. माझ्यावरून मात्र, मित्रांनो, एक कोरडं फडकं फिरवा. पुढच्या दसऱ्याला अजून एकशे तीन बटणं शिल्लक आहेत.