तिच्या मापाचा ओटा

“इथं?” गवंड्याने भिंतीवर कोळशाने रेघ मारली.

“खाली घे.”

त्याने वीतभर खाली दुसरी रेघ मारली. “इथं?”

“अजून खाली.”

“काका, ओटा बांधायचाय की बसायला बाकडं?” तो उकिडवा बसला आणि माझ्याकडे वर बघू लागला. मी सहा फुटांहून उंच, त्यामुळे त्याला मान बरीच मागे टाकावी लागली. “तुमची उंची बघा, ही रेघ बघा. या ओट्यावर कांदा चिरायचा तर गुडघे टेकावे लागतील तुम्हाला.”

“ओटा माझ्यासाठी नाही.”

“मग?”

मी माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला बोट लावलं. “तिचं डोकं इथं येतं. त्यावरून कोपर काढ, आणि कोपराच्या खाली वीतभर ओटा.”

गवंडी हसला. “मग आधीच सांगायचं ना काकूंचं माप आहे म्हणून. त्यांचं स्वयंपाकघर, आपण मध्ये बोलणारे कोण? एकदा घेऊन या त्यांना. उभं करून माप घेऊ, म्हणजे नंतर बोलणी नकोत.”

“तू बांध,” मी म्हटलं.

बायकोला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. हे मी गवंड्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने घमेलं खाली ठेवलं असतं, दोन शब्द बोलला असता, आणि मला काम थांबलेलं नको होतं. त्या दिवसांत मला काहीच थांबलेलं नको होतं.

तसाही तो थांबतच काम करायचा. गावात त्याला सगळे वादळ म्हणतात, कारण त्याला कसलीच घाई नसते. एक दगड उचलेल, चारी बाजूंनी बघेल, खाली ठेवेल, दुसरा उचलेल, मग परत पहिला. सुरुवातीला मला वाटलं, घर उभं राहण्याआधी मीच पडीक होईन. पण त्याने बसवलेला दगड हलत नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करायचो. आयुष्यभर लोकांना वर-खाली केलं, स्वतः मात्र भाड्याच्या घरांतून आडवाच सरकत राहिलो. प्रत्येक घरातला ओटा दुसऱ्या कोणाच्या तरी मापाचा. बायको ठेंगणी. पहिल्याच घरात मी तिला लिफ्टच्या मोटरच्या खोक्याची एक जाड फळी आणून दिली, खाली दोन ठोकळे मारून. तिच्यावर उभी राहून ती स्वयंपाक करायची. घर बदललं की सामानात ती फळी पहिली. कधीकधी आपण फळीवर आहोत हे ती विसरायची, तशीच मागे वळायची आणि धडपडायची. मला हसू यायचं. “हसू नका,” ती म्हणायची. “उंटासारखे वाढलात, त्यात तुमचं काय कर्तृत्व?”

सुट्टीच्या दिवशी आमचा एक खेळ असायचा. बस पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि आजूबाजूच्या गावांतली बंद घरं बघत हिंडायचं. म्हातारी माणसं गेली, पोरं शहरात राहिली, घरं तशीच उभी. ती खिडक्यांतून आत डोकवायची आणि सामान लावत सुटायची. इथं कपाट, इथं पोरीचा पलंग. पोरीचं लग्न होऊन गेलं तरी पलंग लावायचीच. मी आपला वासे ठोकून बघायचो आणि म्हणायचो, हे पडणार.

“तुम्ही उंच माणसं घर वरून बघता,” ती म्हणायची. “छप्परच दिसणार.”

हे घर आम्ही सगळ्यांत शेवटी पाहिलं. मागचं दार नुसतं टेकवलेलं होतं. ती आत गेली, मागच्या खोलीतल्या बुटक्या खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “ओटा इथं. इथून पाणी दिसतं.” मी शेजारी जाऊन उभा राहिलो. खिडकीची वरची चौकट माझ्या छातीशी. मला अंगणातली माती दिसली आणि एक फुटकी बादली. मी म्हटलं, “हो, दिसतं.” तिला प्रत्येक घरातून पाणी दिसायचं.

पुढे तिचं दुखणं निघालं आणि खेळ संपला.

ती गेल्यावर मुलीने मला तिच्याकडे नेलं. चांगली खोली दिली, खिडकीला पडदे, उशाशी दिवा. तक्रारीला जागा नाही. पण मला करायला काही नव्हतं. इमारतीतली लिफ्टसुद्धा कधी बंद पडायची नाही. एका सकाळी मी काही न सांगता बस पकडली आणि शेवटच्या थांब्यावर उतरलो. घर तिथंच होतं, अजून थोडं वाकलेलं. मालक दोघे भाऊ, दोघेही शहरात. त्यांना शोधून काढलं तर थोरला म्हणाला, “छप्पर आहे अजून?” त्याला वाटलं छप्पर पडून कोणाचं तरी नुकसान झालं आणि मी भरपाई मागायला आलोय. मी विकत मागतोय हे कळल्यावर त्याने धाकट्याला फोन केला आणि माझ्यासमोरच सांगितलं, “अरे, एक गृहस्थ आलेत. बरे दिसतात तसे.”

पुढच्या दाराच्या कुलुपाची किल्ली कोणाकडेच नव्हती. मी करवतीने कडी कापली आणि दार ढकललं. खरं सांगतो, इतका आनंद मला लग्नातही झाला नसेल. ती असती तर हे वाक्य लिहायची माझी हिंमत झाली नसती.

मग काम सुरू झालं आणि मी पंचवीस वर्षांचा झालो. सकाळी डोळा उघडायच्या आत हात कामाला लागायचे. छपरावरची कौलं उतरवली, निम्म्याहून जास्त धड निघाली. भिंतीचा पोपडा ओढला तर हातात चादरीसारखा आला आणि मागे घडीव दगड, कालच रचल्यासारखे. वाळवीने खाल्लेले वासे काढले, जाड वासा वाकला होता तो माझ्या जुन्या साखळी-कप्पीने वर खेचला. लिफ्ट ओढायची कप्पी ती, तिला वाशाचं काय. पुढच्या दाराच्या बिजागरीत तेल सोडलं आणि दार आवाज न करता फिरलं, तेव्हा मी ते इतक्या वेळा उघडलं आणि मिटलं की वादळ म्हणाला, “काका, थोडं उद्यासाठी ठेवा.”

मुलीला रोज फोन. “वासा सरळ झाला.”

“बरं.”

“बरं काय? तो वाकलेला होता, कळतंय का तुला?”

“बाबा, तुमची कंबर कशी आहे?”

तिचं चुकत नव्हतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझ्या कंबरेतली गादी सरकली होती. डॉक्टरांनी वाकायचं नाही असं बजावलं होतं. मुलीने अटच घातली. “थंडी पडायच्या आत मी एक दिवस येणार. तुम्ही मला साधं जेवण करून घालायचं. एकट्याने, उभं राहून. जमलं तर राहा खुशाल. नाही जमलं तर कुलूप लावायचं आणि माझ्याबरोबर यायचं. कबूल?”

“कबूल,” मी म्हटलं. ओट्याचा विचार माझ्या मनात आलाच नाही. ओटा तिचा होता.

मुलगी आली त्या दिवशी मी तिला दारापासून सगळं दाखवत सुटलो. ती माझ्यासारखी उंच आहे, प्रत्येक चौकटीत मान वाकवत मागे येत होती. वासे बघितले, दगड बघितले, बिजागरीसुद्धा बघितली. “हे तुम्ही केलंत?” असं दोनदा म्हणाली, आणि मी मनातल्या मनात सामान आणून टाकलं. मग आम्ही मागच्या खोलीत आलो. खिडकीची चौकट सडली होती म्हणून तिथं मी पत्रा ठोकून ठेवला होता. त्याच्याखाली ओटा, गुळगुळीत, कडा गोल केलेल्या.

मुलीने ओट्यावर हात ठेवला. हात ठेवायला तिला वाकावं लागलं.

“तू बाहेर बस,” मी म्हटलं. “चहा आणतो.”

चहा झाला. भात चढवला. अंडी उकडली. कांदा चिरायला घेतला तेव्हा कंबरेत काहीतरी कट् झालं आणि मी होतो तसाच राहिलो, सुरी हातात, नाक कांद्यापाशी. ना वर येता येईना, ना खाली. मुलगी धावत आली. बाहेर गिलावा करणारा वादळही थापी घेऊन आत आला. दोघांनी मला धरून जमिनीवर आडवं केलं.

“तरी मी म्हणत होतो,” वादळ म्हणाला. “काकूंना आणा, उभं करून माप घेऊ. ताई, तुम्ही तरी आणायचं काकूंना.”

मुलीने माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. “आई जाऊन वर्ष झालं, दादा.”

वादळ ओट्याकडे बघत राहिला. कडेला सिमेंटचा एक शिंतोडा वाळला होता, तो त्याने नखाने खरवडून काढला. मग अंगठा फिरवून बघितला, राहिला तर नाही ना.

“बाबा,” मुलगी माझ्याशेजारी खाली बसली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “इथं राहणार कोण? तुम्ही की आई?”

सुरी अजून माझ्या हातातच होती, ती मी बाजूला ठेवली.

“हा ओटा फोडून वर घ्या, नाहीतर आत्ता माझ्याबरोबर चला. दादा, फोडायला किती वेळ लागेल?”

“फोडायला काय, दुपारपर्यंत होईल,” वादळ म्हणाला. “पण मी नाही फोडणार. दुसरा गवंडी बघा.”

मी पाठीवर पडलो होतो. जमिनीवरून बघितलं की तोच ओटा चांगला उंच दिसत होता. मी बघत राहिलो. लिफ्ट तळमजल्यावर थांबते, पण ती ज्यातून वर-खाली होते ती विहीर तिथं संपत नाही. खाली अजून खड्डा असतो, आत उतरून काम करता येईल असा. अर्धी नोकरी मी तिथं काढली, डोक्यावर लिफ्ट घेऊन.

“वादळ,” मी म्हटलं, “पहार आण.”

“मी सांगितलं ना, फोडणार नाही.”

“ओटा नाही. जमीन. ओटा वर आणायचा नाही, मला खाली न्यायचं. ओट्यापुढे खड्डा घ्यायचा, मी त्यात उभा राहीन.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“बाबा, कंबरेच्या गोळीने डोक्यावर परिणाम होतो का?”

“अजून गोळी घेतलीच नाही. दे.”

वादळ ओट्यापुढची जमीन पायाने दाबून बघत होता. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, परत डावीकडे. “मातीचीच आहे,” तो स्वतःशीच म्हणाला. “ओट्याचे पाय आधी खालपर्यंत दगडात बांधून घ्यावे लागतील. भिंतीला धोका नाही.” मग त्याला हसू फुटलं. “लोक घर उंच करतात. मालकाला बुटका करायचं काम पहिल्यांदाच आलंय.”

मुलगी हसली नाही. पण जाताना म्हणाली, “पुढच्या रविवारी येते. शेवटचं.”

मला खणायची परवानगी नव्हती, म्हणून मी खुर्चीत बसून सूचना देत होतो आणि वादळ त्या ऐकत नव्हता. त्या आठवड्यात मात्र त्याने घाई केली. गावातले लोक बघायला यायचे, वादळ पळतोय म्हणून. माती मऊ होती, भराभर निघाली. मग पहार खणकन वाजली.

“खडक,” वादळ म्हणाला. त्याने चारी कोपरे वाजवून बघितले. “सगळीकडे आहे. उतरा काका, बघू किती राहिलं.”

मी उतरलो. बटणाच्या मापाची रेघ त्याने भिंतीवर मारून ठेवली होती. माझं डोकं तिच्या किंचित वर होतं. त्याने मध्ये बोटं धरून बघितली. “दोन बोटं. सुरुंग लावल्याशिवाय आता खाली जाणं नाही.”

“राहू दे.”

“काकूंपेक्षा दोन बोटं उंच राहाल.”

“तेवढा उंच मी होतोच,” मी म्हटलं.

रविवारी मुलगी यायच्या आत मी खिडकीची नवी चौकट बसवली, काच लावली, पत्रा काढून अंगणात टाकला. ती आली आणि बाहेरच्या खोलीत बसून राहिली. आत बघायला आली नाही. परीक्षा म्हणजे परीक्षा.

मी खड्ड्यात उतरलो. ओटा बरोबर हाताखाली आला. कांदा चिरला, पाठ सरळ. दुसरा चिरला. गरज नव्हती, पण चिरला. चहाचं पाणी ठेवलं आणि समोर बघितलं. खिडकीची चौकट डोळ्यांवर आडवी आली होती. मी मान थोडी खाली केली. दोन बोटंच.

अंगणापलीकडे उतार होता, उताराखाली झाडं, आणि झाडांच्या मधल्या फटीत, सुरीच्या पात्याएवढं, पाणी.

“बाबा?” मुलीने बाहेरून विचारलं. “उभे आहात ना?”

“उभा आहे.”

“मग गप्प का?”

चहा उतू गेला होता. मी गॅस बंद केला. “ये, तू बघ,” मी म्हटलं. खड्डा एका माणसापुरताच, म्हणून मी वर आलो आणि ती उतरली. तिने मान खाली केली.

“हे आईने बघितलं होतं?”

“पहिल्याच दिवशी. मला सांगितलंही होतं.”

जेवणं झाली. खड्डा उघडा सोडायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. वादळने मापाच्या फळ्या कापून दिल्या होत्या. एक कमी पडत होती. मी खोक्याची जुनी फळी आणली, खालचे ठोकळे काढले आणि मध्ये बसवली. मुलीने तिच्यावर पाय ठेवला, भार दिला, डुगडुगते का बघितलं.

“थंडी लवकर पडेल इकडे,” ती म्हणाली. “जाड रजई पाठवते.”