जाळं पुढे आहे

मास्तरांना युद्धनौकेवर घेतलं ते त्यांच्या आईच्या बोलीमुळे. एरवी पन्नाशी उलटलेल्या, जिना चढताना धापा टाकणाऱ्या भूगोलाच्या शिक्षकाला नौदलात कोण विचारतं? पण आई होती त्या दूरच्या किनाऱ्यावरची, मच्छीमारांच्या घरातली, आणि चाचे नेमके त्याच किनाऱ्यावरून छोट्या होड्या घेऊन येत. जहाजावरच्या दोनशे माणसांत ती बोली कुणालाच येत नव्हती. रेडिओवर बोलायला दुभाषा हवा होता.

सुरुवातीचे महिने बरे गेले. आचारी जेवणाच्या वेळी दारातून डोकं आत घालून म्हणायचा, "मास्तर, मधल्या सुट्टीची घंटा झाली." मालवाहू जहाजं त्या पट्ट्यातून जाताना युद्धनौका सोबत करायची, आणि एखादी होडी जवळ येऊ लागली की मास्तर तिला रेडिओवरून थांबायला सांगायचे. होड्या थांबायच्या. कुणी अस्सल शिवी हासडली तर मास्तर कॅप्टनला गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "तो थोडा नाराज आहे."

मग स्फोटकांनी भरलेली एक होडी दुसऱ्या ताफ्यातल्या जहाजावर येऊन आदळली. अकरा खलाशी गेले. त्या दिवसापासून जहाजावरचं हसणं आटलं. माणसं डोळ्यांत तेल घालून पाण्याकडे बघू लागली. कॅप्टन ही शांत, मोजकं बोलणारी बाई. तिनं हुकूम काढला, की न थांबता आठशे मीटरच्या आत येणारी होडी ही हल्ला करणारीच समजायची.

आठवड्याभरानं, सकाळी नवाच्या सुमारास, सोबतीला असलेल्या तेलाच्या टँकरच्या दिशेनं एक होडी सुसाट निघाली. तिच्यात दोन माणसं होती. एक उभा राहून हातात काहीतरी घेऊन हलवत होता. ते काय आहे हे दुर्बिणीतूनही कळेना.

मास्तरांनी रेडिओवर थांबायला सांगितलं. उत्तर नाही. पुन्हा सांगितलं. या वेळी खरखर झाली, वाऱ्याचा आवाज आला, आणि त्यातून कुणीतरी ओरडत असल्यासारखं वाटलं. त्या गोंधळात एक शब्द मास्तरांच्या कानाला लागून गेला. जाळं. निदान तसं वाटलं.

"काय म्हणतोय?" कॅप्टननं विचारलं.

मास्तरांना वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली असेल तर? टँकरवर पंचवीस माणसं होती. अर्ध्यामुर्ध्या शब्दाच्या भरवशावर त्यांचा जीव कसा टांगायचा?

"नीट कळलं नाही, मॅडम," ते म्हणाले.

ते खोटं नव्हतं. तिसऱ्यांदा हाक दिली, तेव्हा नुसती खरखर आली. मग पाण्यात इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या. होडी वळली नाही. आठशे मीटरची हद्द तिनं ओलांडली आणि मशीनगन चालली. पाच सेकंद, फार तर सहा.

तपासायला गेलेल्या तुकडीला होडीत बर्फ, मासे आणि दोरखंड सापडले. थोरला जे हलवत होता, तो एक पिवळा सदरा होता. टँकर तोवर आपल्या वाटेनं पुढे गेला होता, आणि त्याच्या मागे फाटलेल्या जाळ्याचे तरंगते गोळे पाण्यावर पसरत चालले होते. टँकर जाळ्यावरून जाणार म्हणून ते दोघे त्याला अडवायला धावले होते.

थोरला भाऊ जागीच गेला होता. धाकट्याच्या खांद्याला गोळी चाटून गेली होती. डॉक्टरनं पट्टी बांधल्यावर कॅप्टन त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि मास्तर मध्ये उभे राहिले. धाकटा चाळिशीचा असेल. तो एका सुरात, खाली बघत बोलत होता. दादानं तीनदा सांगितलं होतं, जाळं पुढे आहे, जहाज वळवा. होडीचा रेडिओ जुना होता, पण चालत होता. मग त्यानं मान वर केली.

"रेडिओवर आमच्या बोलीत बोलणारा कोण होता? त्याला ऐकू नाही आलं का?"

कॅप्टननं मास्तरांकडे पाहिलं. हे वाक्य गाळलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. मास्तरांनी ते जसंच्या तसं सांगितलं. आणि ती काय उत्तर देते याची वाट न बघता धाकट्याकडे वळले.

"तो मी होतो. मला एक शब्द ऐकू आला होता. जाळं. खात्री नव्हती, म्हणून मी सांगितला नाही."

धाकट्यानं आवाज चढवला नाही. "पाण्यात गोळ्या पडल्या तेव्हा मी म्हणालो, परत फिरू. दादा म्हणाला, तिकडे आपलं माणूस आहे, आपल्या बोलीत बोलतंय. ते आपल्याला मारू देणार नाही."

कॅप्टननं काय बोलणं झालं म्हणून विचारलं, तेव्हा मास्तरांनी आपली कबुली आणि त्याचं उत्तर, दोन्ही सांगितलं. ती म्हणाली, "हुकूम माझा होता, मास्तर."

दुपारी मृतदेह न्यायला किनाऱ्यावरून लाँच आली. मास्तरांनी बरोबर येऊ का, असं धाकट्याला विचारलं. घरच्यांसमोर उभं राहावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"नका येऊ," तो म्हणाला. "वहिनीला तुमच्या तोंडून आमची बोली सहन व्हायची नाही."

चौकशी झाली. मास्तरांनी काही लपवलं नाही. रेडिओचं रेकॉर्डिंग सात-आठ वेळा वाजवलं गेलं. त्या बोलीचे आणखी तीन जाणकार बोलावले होते. दोघांना शब्द ऐकू आला नाही, एकाला वाटलं की काहीतरी आहे. अहवालात आलं, संदेश अस्पष्ट, कारवाई नियमाला धरून. एक नवा नियम मात्र झाला. होडी दिसली की आधी विचारायचं, जाळं टाकलंय का, आणि दुभाष्यानं कानावर पडेल तो प्रत्येक शब्द, शंका असली तरी, बोलून दाखवायचा.

नव्या दुभाष्यांना हा नियम शिकवायचं काम मास्तरांनी मागून घेतलं. वर्गात ते रेकॉर्डिंग लावत आणि काय ऐकू आलं ते लिहायला सांगत. बहुतेकांचे कागद कोरे असत. मग मास्तर ते कागद गोळा करत, आणि आवाज थोडा वाढवून पुन्हा लावत.