उम्मीचं कोलन

आमच्या स्फाक्स शहरात पोटाच्या दुखण्याला एकच नाव आहे, कोलन, म्हणजे मोठं आतडं. लग्नात चार घास जास्त झाले, कोलन. सुनेने उलट उत्तर दिलं, कोलन. माणूस घरूनच निदान करून निघतो आणि डॉक्टर नुसती मान डोलावतो. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरने मला आणि माझ्या भावाला, अन्वरला, दाराबाहेर बोलावून सांगितलं की तुमच्या आईच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगवटा आलाय, तेव्हा आत जाऊन काय सांगायचं हे ठरवायला अन्वरला क्षणभरही लागला नाही. "कोलन आहे, उम्मी," तो म्हणाला. उम्मी "मला वाटलंच" म्हणाली आणि तिने चपला घातल्या.

फुगवटा लहान होता. वर्षानुवर्षं तसाच राहील किंवा राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाला. वाढला तर कापावं लागेल आणि फुटला तर धावपळ करायलाही वेळ मिळणार नाही. प्रवासाला त्याची हरकत नव्हती, फक्त रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. ती गोळी उम्मी रोज सकाळी 'कोलनची' म्हणून घेते.

रोग्याला रोगाचं नाव सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीतच आहे. नाव कळलं की माणूस रोगाच्या आधी धास्तीने जातो, असं सगळे मानतात. आमच्या वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला, तेव्हा उम्मीने त्यांना संधिवात सांगितला होता. पोटातला संधिवात! बाबा बिचारे शेवटपर्यंत गुडघ्यांना ऑलिव्हचं तेल चोळत राहिले. आम्ही तिन्ही भावंडं तेव्हा चांगली मोठी होतो, आणि आम्हीही माना डोलावल्या.

या वेळीही झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण माँट्रियलला असलेल्या आमच्या धाकटीला, इब्तिसामला, दिवस गेले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी, इतक्या सुया-औषधांनंतर आणि होता नव्हता तो पैसा त्यात ओतल्यावर. बाळंतिणीचा झ्रीर आईच्याच हातचा हवा, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तीळ आणि हेझलनट भाजून, कुटून, मध-लोण्यात घोटायचे आणि बाळ बघायला येणाऱ्याला वाटी भरून द्यायचे. व्हिसा आल्याच्या दिवशीच उम्मीने तीळ निवडायला घेतले.

त्या थंड देशात परक्या माणसाने एक रात्र इस्पितळात काढली तर बिलाच्या पैशात इथे गाडी येते. आणि ते बिल कुणाच्या दारात जाणार? इब्तिसामच्या. तिचा नवरा बेकरीत राबतो. बाळाच्या पाळण्यासाठीसुद्धा त्यांनी उधार घेतलंय. म्हणून मी विमा कंपनीच्या कचेरीत गेले. तिथे इनास नावाची चुणचुणीत मुलगी बसते.

"एवढ्या वयाच्या माणसाला आम्ही फोनवर तब्येतीचे प्रश्न विचारतो, मादाम," ती म्हणाली. "उत्तरं त्यांनी स्वतः द्यायची. बोलणं रेकॉर्ड होतं."

"मी दिली तर?"

"चालत नाही."

"आणि एखादी गोष्ट सांगायची राहून गेली तर?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मादाम, राहून गेलेलीच गोष्ट नेमकी तिथे निघते. मग त्या पॉलिसीत तळलेले फ्रिकासे पाव गुंडाळून खायचे, दुसरा उपयोग नाही."

मी तिथून थेट अन्वरच्या टायरच्या दुकानात गेले. तो जॅकखाली वाकला होता. मी सगळं सांगितलं, तरी वर बघेना.

"विमाच कशाला पाहिजे?" तो म्हणाला. "न झालेल्या गोष्टीचे पैसे भरायचे? आणि ते अशुभ बोलायचं, तेही पैसे देऊन! राजधानीतले ट्यूनिसवाले उगाच नाही आपल्याला चिक्कू म्हणत. त्या नावाची तरी लाज राख."

"आणि तिकडे काही झालं तर इब्तिसामचं घर विकायचं का? तेही भाड्याचं आहे."

तो उठला, हात पुसले, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर ते स्फाक्सी हसू आलं, जे मला लहानपणापासून आवडत नाही.

"मग घे की विमा. उम्मीलाच बोलू दे. तिला माहीतच नाही, मग ती खोटं कुठे बोलते? ती बापडी खरंच सांगेल, कोलन आहे. आपण दोघं गप्प."

"आणि उद्या त्यांनी कागद तपासले तर?"

"तेव्हाचं तेव्हा. दालेंदा, तू मुलांना भूगोल शिकवतेस ना? मग तेच कर. हे सांगून तू तिला इथेच मारशील. ती विमानात चढणार नाही. नातवंडाचं तोंड बघणार नाही. ते तुझ्या डोक्यावर."

मला त्याचा राग आला आणि त्याच्या म्हणण्याची भीतीही वाटली. इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर उम्मी जाईल की नाही देव जाणे, न सांगावं तर विमा म्हणजे रद्दी. मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी येऊन इनासला फोनची वेळ देऊन टाकली.

फोन आला तेव्हा उम्मी गॅसपाशी उभी राहून तीळ भाजत होती. अन्वर दुकान बंद करून आला होता. भरदुपारी त्याने दुकान बंद केलंय हे मी बाबांच्या मयतीनंतर पहिल्यांदाच पाहत होते. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"अस्सलामु अलैकुम, खालती मोंजिया. काही प्रश्न विचारते, घाबरू नका," इनास म्हणाली. आमच्याकडे खालती म्हणजे मावशी.

"विचार, पोरी. मी घाबरत नाही, पण मोठ्याने बोल, तीळ तडतडतायत."

"हृदयाचा काही त्रास?"

"नवरा गेल्यापासून हृदयाला आरामच आहे."

फोनमधून हसू ऐकू आलं. अन्वरही हसला, जरा जास्तच मोठ्याने.

"मधुमेह?"

"नाही."

"दमा? फिट? आकडी?"

"नाही, नाही, नाही. देवाची कृपा."

"गेल्या वर्षात इस्पितळात गेला होतात?"

"उन्हाळ्यात तपासून आले. कोलन आहे मला." उम्मीने डाव फिरवत मला डोळा मारला. "तुलाही असेल."

"मलाही आहे, खालती. रोज कुठली गोळी घेता?"

"कोलनचीच. पांढरी, बारकी."

"नाव सांगता?"

"माझा चष्मा तिकडे राहिलाय. दालेंदा, डबी आण गं, वाचून दाखव तिला."

डबी फडताळात, मधाच्या बरणीमागे होती. मी ती उचलली. अन्वर माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि ओठ हलवून सांगायला लागला, संपली म्हण, संपली म्हण. चेहरा घामाने डबडबला होता. माझा धाकटा भाऊ, ट्रकचं चाक एकटा उचलणारा, लहान पोरासारखा विनवत होता. मला त्याची दया आली. 

"दालेंदा?" उम्मी म्हणाली.

तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. मी फोनकडे तोंड करून बोलले.

"इनास, ही गोळी रक्तदाबाची आहे. लिहून घे. आईच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगवटा आहे. उन्हाळ्यात सापडला. तिला माहीत नाही. आम्ही तिला सांगितलं नाही."

अन्वर खुर्चीत बसला आणि त्याने डोकं हातात धरलं.  उम्मीने गॅस बंद केला, कढई उतरवली, तीळ ताटात पसरले. एकही करपू दिला नाही. मग ती टेबलापाशी आली.

"लिहिलंस का, पोरी?"

"हो, खालती." इनास म्हणाली. "तुम्ही… ठीक आहात ना?"

"तू तुझं पुढचं विचार."

"मला वरच्या साहेबांशी बोलावं लागेल. लाइनवर थांबा."

फोनमध्ये कसलंसं बासरीचं संगीत लागलं. अन्वर दबक्या आवाजात मला म्हणाला, "झालं समाधान? मारलंस तिला."

"गप्प बस, टायरवाल्या," उम्मी म्हणाली. "मी अजून उभी आहे."

ती बसली मात्र लगेच. हात मांडीवर ठेवले. मग तिने मला विचारलं.

"फुटतं का ते?"

"फुटू शकतं," मी म्हटलं. "किंवा काहीच होणार नाही. लहान आहे. डॉक्टर म्हणाला, प्रवासाला हरकत नाही."

"काहीतरी आहे हे मला ठाऊक होतं. नाव ठाऊक नव्हतं." तिने अन्वरकडे पाहिलं. "कोलनच्या बाईला कुणी पोतं उचलू देत नाही असं होतं का रे? तू माझ्या हातातून पाण्याची बादलीसुद्धा काढून घ्यायला लागलास. मी स्वतः हे नाटक केलंय. मला नाही कळणार?"

"उम्मी, बाबांना तरी काही कळलं नाही. शांतपणे गेले," अन्वर म्हणाला.

"कोण म्हणतं?" उम्मीचा आवाज एकदम चढला. "दुपारी पडला की मला विचारायचा. मोंजिया, हा संधिवात पोटात कसा गं? मोंजिया, खरं सांग, मला काही लोकांची माफी मागायचीय, ऑलिव्हच्या बागेचं काही सांगायचंय. आणि मी हसून म्हणायची, वेडा आहेस, थंडी सरली की बरा होशील. शेवटी त्याने विचारायचं सोडलं. माझ्यासाठी गुडघ्यांना तेल चोळायचा. माझं मन राखायला! तुम्हाला वाटलं, शांतपणे गेला. तो एकटा गेला."

 मला बाबांचे तेलकट गुडघे दिसत होते आणि रडू आवरत नव्हतं. मग संगीत थांबलं.

"खालती, ऐका," इनास म्हणाली. "त्या फुगवट्यावर काही उपचार करावे लागले तर कंपनी देणार नाही. तो सापडून पुरेसा काळ झालेला नाही. बाकी पडलात, निमोनिया झाला, काहीही झालं, तर सगळं देईल."

अन्वरने टेबलावर हात आपटला. "घ्या! खरं बोलून काय मिळालं? जे व्हायची भीती आहे, नेमकं तेच नाही! टाक तो विमा खड्ड्यात."

"थांब." उम्मी फोनवर वाकली. "पोरी, एक विचारते. मी तिथे मेले तर मला घरी आणता का?"

इनास म्हणाली, "आणतो, खालती. कबरस्तानापर्यंत सगळा खर्च आमचा."

"फुगवट्यानेच मेले तरी?"

"कशानेही. त्याला आम्ही कारण विचारत नाही. मात्र आजची सगळी उत्तरं खरी असली पाहिजेत. ती आता आहेत."

"मग दे. माझी जागा माझ्या नवऱ्याशेजारी आहे. मला त्याला एक उत्तर द्यायचंय." आणि अन्वरकडे न बघताच ती म्हणाली, "पैसे हा भरेल. न झालेल्या गोष्टीचे."

अन्वरने मान हलवली. 

फोन ठेवला आणि उम्मी टेबलापाशीच तीळ कुटायला बसली. मला वाटलं होतं, ती बॅग उघडून सामान काढायला लागेल. तिने खलबत्ता पुढे ओढला. ती जाणार होती. मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच इब्तिसामचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे नुकतीच सकाळ झाली होती. भलंमोठं पोट आणि विस्कटलेले केस घेऊन ती खिडकीपाशी उभी होती. मागे बर्फ पडत होता.

"झाला का विमा, उम्मी? काय काय विचारलं गं?"

"झाला, झाला. हृदय, साखर, दमा, सगळं विचारलं मेलीने."

"मग काय सांगितलंस?"

उम्मीने बत्ता खाली ठेवला नाही. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "काय सांगणार? कोलन आहे म्हटलं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने टेबलाखाली माझा हात घट्ट पकडला, तिळाच्या तेलाने माखलेल्या बोटांनी. मला तिचं म्हणणं कळत होतं. पोरीला शेवटचा महिना लागलाय, तिला कशाला धक्का. पण कंपनीने जे अंगावर घ्यायला नकार दिला होता, ते आता इब्तिसामच्या घरात जाऊन राहणार होतं. तिच्या पलंगावर, तिच्या बाळाशेजारी. आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"इब्तिसाम," मी म्हटलं. उम्मीने माझा हात आणखी दाबला.

इब्तिसाम आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. अन्वरचे लाल डोळे तिला दिसले असणार. भरदुपारी तो घरी आहे हेही.

"उम्मी," ती हळूच म्हणाली, "कोलनच ना? की बाबांच्या संधिवातासारखं कोलन?"

उम्मीचा हात माझ्या हातात सैल पडला.  मग तिने बत्ता बाजूला ठेवला, बोटं फडक्याला पुसली आणि फोन स्वतःच्या हातात घेतला.

"तू उभी आहेस का, पोरी?"

"हो."

"खुर्ची ओढ. बस."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बसलीस?"

"बसले, उम्मी."

"मग ऐक," उम्मी म्हणाली. "कोलन नाही."

मी खलबत्ता माझ्याकडे ओढला आणि उरलेले तीळ कुटायला लागले.