गोन्ताच्या पोटाखालचा पट्टा

मी मूल पाठीशी बांधायचा एक जुना पट्टा आहे. मधे कापूस भरलेलं जाड कापड आणि दोन लांब बंद. इस्पितळातून फोन आला आणि फुमिए गेल्याचं घरात कळलं, तेव्हा मी तिच्याच पेटीच्या तळाशी होतो. चाळीस वर्षांपूर्वी तिनेच मला शिवलं. तिची मुलगी चिनात्सू माझ्यात बसून भाताच्या खाचरापर्यंत जायची आणि येताना झोपलेली असायची. शेजारणी माझे टाके बघायला मागायच्या. मग चिनात्सू चालू लागली आणि मला कोणी विचारेना.

मित्रांनो, आता घरात फुमिएचा नवरा तोकुझो आणि चाळीस किलोंचा म्हातारा कुत्रा गोन्ता एवढेच उरले. फुमिए रोज सकाळी तांदळाच्या कोंड्याच्या पुरचुंडीने लाकडी ओसरी घासायची. तोकुझोने ते काम एक दिवस चुकू दिलं नाही. महिनाभरात ओसरीत तोंड दिसू लागलं.

त्याच महिन्यात गोन्ताचे मागचे पाय फाकू लागले. उठायला जाई आणि बसकण मारी. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांधे झिजलेत, पण चालेल. त्यांच्याकडे रबरी चटईवर तो उभाही राहिला. घरी आला की पुन्हा आडवा. तोकुझोने मनाशी धरलं की फुमिए नाही म्हणून याला आता जगायचंच नाही. तो त्याच्याशेजारी बसून राही. दोघांचाही भात तसाच उरे.

फुमिए गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला चिनात्सू आली. मोज्यांवरच ओसरीत शिरली, सरकत गेली आणि गोन्ताच्या बाजूला धपकन बसली.

"बाबा, इथे आईने याच्यासाठी चटया टाकल्या होत्या ना?"

"माणसं भेटायला येणार म्हणून काढल्या," तोकुझो म्हणाला. "मग घासायला बरं पडायला लागलं."

"मला इथे उभं राहता येत नाही. त्याला कसं येईल?"

तोकुझो उठला आणि कोठीतून चटया घेऊन आला.

चिनात्सूने पेटी उपसून मला काढलं. गोन्ताच्या मागच्या पायांच्या जरा पुढे, पोटाखालून घेतलं आणि बंद तोकुझोच्या हातात दिले. "उचलू नका. नुसता आधार द्या."

गोन्ताचे पाय थरथरले, मग टेकले. तो अंगणापर्यंत गेला आणि झाडापाशी निवांत उभा राहिला.

"रुसला नव्हता तर," तोकुझो म्हणाला. "घसरत होता बिचारा." त्या दिवशी तोकुझोने दोनदा भात घेतला.

आता मी रोज कामावर असतो. मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं जनावर उठेनासं झालं, तर आधी त्याच्या पायांखाली काय आहे ते बघा. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तूंकडेही मधूनमधून लक्ष असू द्या. भार पेलून माझी उजवी शिवण उसवली आहे. ती फुमिएच्या हातची होती. तोकुझोने सुईदोरा काढून ठेवला आहे. टाका अजून घातलेला नाही.