मी दार नाही, फळी आहे

मी एक जुनी फळी आहे. कडुनिंबाची, कमरेएवढी, खालच्या कोपऱ्यात जरा चिरलेली. परगावचे लोक मला पाहून म्हणतात, "हे यांचं दार वाटतं!" मित्रांनो, तेवढं म्हणू नका. मी दार नाही. माझ्या अंगाला बिजागरी कधी लागली नाही, कडी-कोयंड्याशी माझी ओळख नाही. शिंगणापुरातल्या जुन्या चालीच्या घरांना चौकट असते, उंबरा असतो, दार नसतं. राखण देवाची, असं माणसं मानतात. अशाच एका दोन खोल्यांच्या घराच्या चौकटीला मी टेकून असते. हे घर कडूबाईचं.

बांधावरचा निंब वावटळीत पडला, तेव्हा कल्याण सुताराने त्याची एक बाज केली, दोन पाट केले आणि उरल्या लाकडातून मला कापलं. घाई होती. कडूबाई नवी नवरी होऊन आली त्याच दिवशी एका कुत्र्याने आत शिरून पुरणपोळ्यांची चळत पळवली होती. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "चोराला देव आडवील, पन कुत्र्याला कोन आडवनार?" म्हणून मी आले. चोरासाठी नव्हे, कुत्र्यासाठी. मी हे कधी लपवलं नाही.

पण चाळीस वर्षं उभी राहिल्यावर लाकडालाही वाचा फुटते. कडूबाई बाहेर गेली की आणि रात्री निजताना मला चौकटीत लावायची. घरात असली की बाजूच्या भिंतीला टेकवायची. गल्लीने ही भाषा पाठ केली होती. फळी भिंतीला म्हणजे या, बसा, चहा घ्या. फळी चौकटीत म्हणजे मागाहून या. आणि सकाळची उन्हं ओट्यावर उतरली तरी फळी चौकटीतून हलली नाही, तर समोरची शरिफा शिलाई मशीनवरचा पाय थांबवून हाक द्यायची, "ओ आक्का, उठल्या न्हाई का अजून?" उत्तर आलं नाही तर ती मला ओलांडून सरळ आत. मालक गेल्यापासून कडूबाई एकटी होती, पण एकाकी नव्हती. शनिवारी देवळाबाहेर विकायच्या रुईच्या माळा ती उंबऱ्यात बसून ओवायची आणि पानागणिक गुणगुणायची,

देवाच्या गं डोईवरी न्हाई छप्पर न्हाई छाया,
मी का बाई लावू दार, देव राखी माझी माया.

तिचा मुलगा गोरक्षनाथ याच उंबऱ्यावर रांगला. मला धरूनच उभा राहायला शिकला. पुढे सुप्याला कारखान्यात लागला, त्याला बारा वर्षं झाली. तिकडे त्याचा फ्लॅट, फ्लॅटला दार, दारापुढे लोखंडी जाळी. यंदा उन्हाळ्यात त्याच्या शेजारचा फ्लॅट भरदुपारी फुटला. जाळी होती, दोन कुलपं होती, तरी फुटला. तेव्हापासून गोरक्षच्या डोळ्यांपुढे आईचं घर नाचू लागलं.

एका रविवारी तो खोकं घेऊन आला.

"आई, चोर आला की भोंगा वाजतो. माझ्या मोबाईलवर पन कळतं. हे लावू दे, न्हाईतर सुप्याला चल. तुला असं उघड्यावर टाकून माझ्या जिवाला घोर हाय."

"उघड्यावर तर देव बी हाय," कडूबाई म्हणाली. "त्यालाबी ने सुप्याला."

गोरक्षने ऐकलं नाही. खोक्यातून दोन पांढरे तुकडे काढले. एक चौकटीला लावायचा, दुसरा दाराला. दार उघडलं, तुकडे दुरावले, की भोंगा. चौकटीचा तुकडा त्याने पिळून घट्ट बसवला. दुसरा तुकडा घेऊन हात वर केला आणि हात तसाच राहिला.

"काय रं," कडूबाईने पदर तोंडाला लावला, "दार हुडकतोय व्हय?"

समोरून शरिफाचं मशीन थांबलं. "गोरक्षा, बारा वर्सं दाराआड राहून घर इसरला का रं बाबा?"

तो कानापर्यंत लाल झाला. खोकं परत न्यावं, तर हसं आणखी वाढणार. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला पाहिलं. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या अंगात पहिल्यांदा स्क्रू शिरले. दोन. निंबाचं लाकूड कडू असतं, सहजी वाकत नाही. मी दोन्ही वेळा करकरले, पण लाकडाचं कोण ऐकतो!

"आता घरात असलीस तरी फळी चौकटीतच ठेवायची," गोरक्षने बजावलं. "बाहेर पडायचं तर हे बटन दाबून भोंगा बंद करायचा. म्हैनाभर बघू. जमलं तर ठीक. न्हाई जमलं, तर सुपा. मग काय बोलायचं न्हाई."

 मुलाची भीती खोटी नव्हती, हे कडूबाईला कळत होतं. पण महिन्याच्या शेवटी आपलं घर सुटू शकतं, हेही कळलं होतं.

आणि मी मुकी झाले. बाहेर गेली तरी चौकटीत, घरात असली तरी चौकटीत. माझी भाषाच गेली. पहिल्या दिवशी कोंबडी उडी मारून माझ्यावर बसली आणि भोंगा असा बोंबलला की गल्लीतली म्हैस दावं तोडून पळाली. दुसऱ्या दिवशी शरिफा वाटीभर कालवण घेऊन आली, मला हात लागला, कालवण ओट्यावर. तिसऱ्या दिवशी कडूबाईने कोंबड्या डालग्याच्या मोठ्या टोपलीखाली डालल्या आणि तिथेच ठेवल्या. पंधरवड्यात आमच्या ओट्यावर पाय टाकायला माणूस बिचकू लागला. चोर एकही आला नाही. शेजारीही आले नाहीत. भोंग्याने काम चोख केलं होतं.

मग तो बुधवार. सकाळी मोरीत कडूबाईचा पाय घसरला. ती उठू शकेना. हाका मारल्या, पण समोर मशीन धडधडत होतं. उन्हं ओट्यावर उतरली. मी चौकटीत उभी. पूर्वी एवढ्यावर शरिफा धावली असती, पण आता मी रोजच उभी असायचे, माझ्याकडे पाहून कुणाला काय कळणार! कडूबाई आत कण्हत होती आणि मी पहाऱ्यावर होते. इतकी लाज मला पुरणपोळ्यांच्या कुत्र्यासमोरही वाटली नसती.

मग तिने भरला तांब्या माझ्या रोखाने फेकला. तो पाटावर आपटला, घरंगळला, आणि माझ्या तळाला नुसता टेकला. एवढ्याने फळी पडत नसते. मी वावटळी सोसल्या आहेत. पण खरं सांगते, त्या दिवशी मी पडले. मनापासून, धाडकन, तोंडावर पडले.

भोंगा सुरू झाला. "कोंबडी असंल," कुणीतरी गल्लीतून म्हणालं आणि पुढे गेलं. शरिफाने मशीनवरून मान उचलली. "कोंबडी कुठली? आक्कांच्या कोंबड्या डालल्यात की!" एवढं म्हणून ती उठली, माझ्यावरूनच पाय देत आत गेली. सुप्यात गोरक्षच्या मोबाईलवरही निरोप पोचला होता. मोबाईल कारखान्याच्या लॉकरमध्ये होता. त्याला दुपारी दोनला कळलं.

संध्याकाळी तो आला तेव्हा आईचा पाय प्लास्टरमध्ये होता. "बास," तो म्हणाला. "आता सुपा."

"पाय मोडलाय, डोकं न्हाई," कडूबाई म्हणाली. "म्हैना तूच दिल्ता ना? अजून दहा दिस हायत. भोंगाच पायजे ना तुला? भोंगा लावते. पन माझा मी निवडनार."

सोमवारी शरिफाचा नवरा शमशेर टेम्पो घेऊन आला. पुढे कडूबाई आणि शरिफा, मागे मी. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा गाव सोडून नगर पाहिलं. असली उपकरणं विकणाऱ्या दुकानात शमशेरने मला आणून काउंटरला टेकवलं. दुकानातला अनीश माझ्याकडे बघत राहिला.

"मावशी, हे काय आहे?"

"तूच सांग. ह्याला कुनी दार म्हनंल का?"

"नाही."

"मग पैलं तुझा ह्यो दाराचा तुकडा काढ."

त्याने काढला. मग त्याने एक डोळ्यासारखी वस्तू दाखवली. "हिच्यासमोर कुणी हललं की वाजतं."

"मंजी मी हलले तरी?"

"घरात असताना बंद ठेवायचं."

"घरात असतानाच तर पडले की!"

त्याने कॅमेरा दाखवला. तुमचा मुलगा तिकडून सगळं बघेल, म्हणाला. कडूबाई म्हणाली, "त्यानं बघितलं असतं, मी पडलेली. उचललं कुनी असतं?" अनीशने कॅमेरा परत खोक्यात ठेवला.

"मावशी, तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"हे सगळं मानसाला हाकलनारं हाय, बाबा. मला मानसाला बोलवनारं दे."

अनीशने खालचा कप्पा उघडला. गळ्यात घालायचं एक गोल बटन आणि एक लहानसा भोंगा. आजारी माणसांसाठी असतं, म्हणाला. बटन दाबलं की भोंगा वाजतो. "भोंगा कुठे लावणार? मुलाला फोन जाईल असंही करता येतं."

"मुलगा दीड तासावर हाय," कडूबाई म्हणाली. "भोंगा शरिफाच्या मशीनपाशी लाव. पडले तरी तिलाच हाक, चोर आला तरी तिलाच."

"आन मी शिवत असले तर?" शरिफाने डोळे मिचकावले.

"मग तुझ्या मशीनवर तांब्या फेकीन!"

शनिवारी गोरक्ष रिकामी बॅग घेऊन आला. आईचे कपडे भरायला. कडूबाई बाजेवर बसली होती, मी अजून त्याच्या हुकुमाप्रमाणे चौकटीत. तिने त्याला ओट्यावर बसवलं, म्हणाली, "आता बघ," आणि गळ्यातलं बटन दाबलं.

समोरचं मशीन थांबलं. शरिफा गळ्यात मापाची टेप लटकत धावत आली. मागून शमशेर, अर्धी दाढी केलेला, उरलेल्या गालावर फेस. शेजारची लंकाबाई, दोन्ही हात पिठाचे. कोपऱ्यावरून आणखी दोघं. "काय झालं? काय झालं आक्का?" गोरक्षला पाहून शमशेर फेसातून हसला, "ह्यो चोर सापडला व्हय!"

"तुझ्या सुप्यात दाब की हे बटन," कडूबाई मुलाला म्हणाली.

सगळे हसले. गोरक्ष हसला नाही. मान खाली घालून बोलला, "आई, शेजारचं घर फुटलं ना, तवा मी घरीच हुतो. रातपाळी करून झोपल्तो. जाळी तोडल्याचा आवाज आला मला. मी दार न्हाई उघडलं."

 कडूबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो उठला, मला चौकटीतून उचललं आणि बाजूच्या भिंतीला टेकवलं. कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणची भाषा माणूस विसरत नसतो. लंकाबाई पिठाच्या हातांनीच म्हणाली, "मग काय, चहा टाक की शरिफा!" बॅग रिकामीच परत गेली.

मित्रांनो, माझ्या अंगावर दोन भोकं राहिली आहेत. बुजवू नका, मी ती मिरवते. तुम्ही घराला भोंगा लावणार असाल तर खुशाल लावा, काळ कसा आहे ते मलाही कळतं. पण विकत घेण्याआधी स्वतःला एकच विचारा, हा वाजला तर येणार कोण? उत्तर सापडलं नाही, तर आधी शेजाऱ्याकडे वाटीभर कालवण घेऊन जा. भोंगा मागाहून घ्या.

मला पॉलिश करू नका, बिजागरी लावू नका, दार म्हणू नका. कुत्रा आला तर मी आजही अडवीन. तुम्ही आलात, तर मी भिंतीला असेन.