स्वागताचा माईक

अंतिम सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि अमोलने मनस्वीच्या पुढ्यात अकरावी चिठ्ठी ठेवली. अमोल मंडळाचा सेक्रेटरी. सकाळपासून त्याचं एकच काम, चिठ्ठ्या आणणं.

"वहिनी, एवढं एक नाव घ्या. माजी सभापती आलेत. 'दानशूर' म्हणा हां, नाहीतर रुसतील."

"दानशूर कशावरून?"

"अहो, ट्रॉफीवर नाव हाय त्यांचं."

मनस्वीने दानशूर म्हटलं. आवाजात साखर घालून म्हटलं आणि माईक टेबलावर असा ठेवला की स्पीकरमधून ठक्क आवाज आला. पुढे बसलेल्या बाया दचकल्या.

टेबलावर माईक दोन होते. एक खेळाचा, तो दत्तात्रेय सरांच्या हातात. दुसरा स्वागताचा, तो हिच्या. पेणला कॉलेजात असताना ती कबड्डीचं समालोचन करायची. कुणाचा पाय कुठल्या रेषेवर पडला हे पंचांच्या आधी हिच्या तोंडून निघायचं. मग लग्न होऊन रोह्याच्या पलीकडे अष्टमी गावात आली, लेक झाली, राणी, आणि दोन वर्षं माईक सुटला. तो परत हवा होता तर सरांना विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पेण-रोह्याकडची सगळी मंडळं सरांना फोन करत आणि सर आपल्या डायरीतून कुणाला कुठली तारीख ते ठरवत. तीस वर्षं हेच चाललं होतं. पंधरा दिवसांपूर्वी ते फोनवर म्हणाले होते, "पेणच्या बाजूला मुलींची स्पर्धा आहे. ये. फायनलचा दुसरा हाफ तुला देतो." त्या एका वाक्यावर ती चौदा महिन्यांच्या पोरीला घेऊन सकाळच्या एसटीने आली होती. नवऱ्याची, प्रविणची, धाटावच्या कारखान्यात दुसरी शिफ्ट, म्हणून सोबतीला सासूबाई, हौसाबाई.

हौसाबाई खुर्चीमागे सतरंजीवर राणीला घेऊन बसल्या होत्या. स्पीकरचा दणका नको म्हणून मनस्वीने पोरीच्या कानांत कापसाचे बोळे घातले होते. राणी ते काढून तोंडात घालत होती.

"आई, कापूस! कापूस बघा तिचा!"

"बघते गो मी. तू तुजा बोल ना."

सामना सुरू झाला. मंडळाचा स्वतःचा संघ आणि खारेपाटातल्या मुली. मनस्वीने सामन्याआधी जाऊन दोन्हीकडच्या चौदा जणींची नावं विचारून वहीत लिहून आणली होती, सरांपुढे ठेवलीही होती. सरांनी वहीवर चहाचा कप ठेवला. त्यांच्या लेखी घरच्या संघातली प्रत्येक मुलगी रणरागिणी होती आणि समोरची प्रत्येक मुलगी नंबर. "आणि निघाली रणरागिणी! वाघीण, वाघीण! पकडणार कोण? सात नंबरने प्रयत्न केला, पण छे!" सात नंबरला मंगळी हे नाव होतं आणि खारेपाटाचे निम्मे गुण तिच्या एकटीचे होते.

मध्यंतर झालं तशी मनस्वीने खुर्ची पुढे सरकवली.

"सर, दुसरा हाफ..."

"अगं, यूट्यूबवर लाईव्ह चाललंय. कंपनीतली पोरं ड्युटीवरनं बघतायत, त्यांना माझा आवाज लागतो. तू स्वागत छान करतेस. बायकांच्या तोंडी ते शोभतं."

मनस्वीने पाण्याची बाटली उघडली, बंद केली, परत उघडली. नुसती मान डोलवायला आपल्याला कुणी शिकवलं हे तिला आठवेना. हौसाबाई मागून म्हणाल्या, "दूध मागते ही." मैदानाकडे पाठ करून, ओढणीखाली पोरीला घेऊन, मान वळवून वळवून तिने दुसऱ्या हाफची पहिली पाच मिनिटं पाहिली. गुण मात्र वहीत पडत होते, डाव्या हाताने, वाकड्या रेघांनी.

चार मिनिटं उरली. सत्तावीस-सव्वीस, घरचा संघ एकाने पुढे. मंगळी चढाईला आली. समोर सहा जणी. सहा जणी समोर असताना मागची रेषा पायाने ओलांडली की बोनसचा एक गुण. मंगळीचा डावा पाय झपकन पलीकडे जाऊन परत आला. पंचांनी अंगठा वर केला.

नेमकं तेव्हाच अमोल चिठ्ठी घेऊन आला होता, आणि ही खास असल्यामुळे सर स्वतः वाचत होते. "...यांचं मंडळाच्या वतीने सहर्ष स्वागत! सात नंबर रिकाम्या हाताने परत!"

गुण लिहिणारा मंडळाचाच माणूस. तो पंचांच्या हाताकडे बघतच नसे. सर बोलतील तसा आकडा मांडायचा, अशी इथली रीत. फलकावर सव्वीस ते सव्वीसच राहिले. खारेपाटाच्या मुली आपसात काही बोलल्या, पण ऐकतो कोण?

मनस्वीने चिठ्ठी लिहिली: सात नंबरचा बोनस राहिला, सत्तावीस-सत्तावीस. सरांच्या कोपराशी सरकवली. सरांनी न बघता ती ढिगात घातली. वर अमोलने आणखी एक ठेवली.

तीन मिनिटं. घरच्या मुली आता नुसत्या जाऊन परत येत होत्या, वेळ काढत. तिने सरांच्या बाहीला हात लावला. सरांनी बाही झटकली. डायरी टेबलावरच होती. आत्ता बोललं की तिच्यात आपलं नाव राहणार नाही, हे तिला चांगलं कळत होतं. दोन वर्षांनी कसाबसा हातात आलेला माईक, तोही स्वागताचा, तोही जाणार. पण आता गप्प बसलं तर समालोचक म्हणून आपण इथे करतोय तरी काय? गुच्छ मोजतोय?

तिने माईकचं बटण दाबलं.

"पंच महोदय, खेळ थांबवा. मंगळीचा बोनस गुण फलकावर लागलेला नाही. आपण अंगठा दाखवला होता. गुण सत्तावीस-सत्तावीस आहेत."

पंच टेबलापाशी आले, गुणांचा कागद बघितला आणि गुण लिहिणाऱ्यावर खेकसले, "मी काय हवेत अंगठा दाखवतो होय रे?" फलक बदलला. बायांच्या घोळक्यातून शिट्टी आली, मंडळाच्या पोरांकडून शिवी. सरांनी आपला माईक टेबलावर आपटला.

"घे! तूच बोल आता!"

तिने घेतलाही. शेवटची तीन मिनिटं ती एकटी बोलली. पहिली दोन वाक्यं गंजल्यासारखी निघाली, मग जीभ सुटली. एकाही मुलीला ती वाघीण म्हणाली नाही. नाव, पाय, रेषा, गुण. मागे राणीने भोकाड पसरलं, तेही लाईव्ह गेलं. मंगळी शेवटच्या चढाईत पकडली गेली आणि एकोणतीस-सत्तावीसने घरचा संघच जिंकला.

"जिंकलोच ना शेवटी?" अमोल वैतागून म्हणाला. "मग कशाला वहिनी एवढा तमाशा?"

खारेपाटाच्या मुली हरल्याच्या रागात बॅगा उचलून निघून गेल्या. धन्यवाद वगैरे कुणी म्हटलं नाही.

सर डायरी काखेत मारून उभे राहिले. "तीस वर्षांत मला कुणी असं तोंडघशी पाडलं नव्हतं. चिठ्ठी द्यायची होतीस."

"दिली होती सर. त्या ढिगात आहे."

त्यांनी बघितलं नाही. "नागोठण्याच्या स्पर्धेला आता येऊ नकोस. पुढच्या तारखांचंही मी बघतो."

एसटीच्या थांब्यावर हौसाबाईंनी पिशवी खाली ठेवली. राणी खांद्यावर झोपली होती. मग म्हणाल्या, "एवढं बोलायची गरज व्हती काय गो? मोठा मानूस तो."

"आई, आता तुम्ही नका सुरू करू."

"नाय, इचारते नुसती. सत्तावीस व्हते ना पन?"

"होते."

"मग झाला तर."

मनस्वीने फोन काढला. नागोठण्याच्या मंडळाचा नंबर स्पर्धेच्या जाहिरातीवर होता. आजवर कुणी तो सरांना वगळून लावला नव्हता. तिने लावला.

"नमस्कार, मी मनस्वी, अष्टमीहून. कबड्डीचं समालोचन करते... नाही, दत्तात्रेय सरांनी नाही सांगितलं, मीच करतेय फोन... सूत्रसंचालन? नाही हो, स्वागताला दुसरं कुणीतरी बघा. मी खेळाचं बोलते."

पलीकडचा माणूस म्हणाला, कमिटीला विचारून सांगतो.

"विचारा," ती म्हणाली. "मी उद्या परत फोन करते. सकाळी दहाला."